तारकर्लीतला पहिला पूर

हसायचं आसंल तर आधी चहा गिळून घ्या, मग सांगतो. रिटायर झाल्यावर आम्ही तारकर्लीला समुद्राकडंला घर घेतलं की न्हाय? पहिल्याच सकाळी दात घासत भाईर आलो, तर काल लांब असलेलं पाणी पार माडापर्यंत आलेलं! मी वाळूत काठी रोवली. चूळ भरून येतोय तोवर काठी बुडाली.

"सुनंदा, पाणी चढाय लागलंय!"

कोल्हापूरची बायको ती, नदीचे दोन-चार पूर बघितलेली. देव आन् मिक्सर घेऊन थेट गच्चीवर. टीव्ही, पिठाचा डबा, सिलिंडर, सगळं मी खांद्यावरनं वर चढवलं. मग धापा टाकत शेजारच्या मावशीला हाळी दिली, "मावशी, आवरा लवकर! किती फुटावर गेलंय पाणी?"

मावशी सुकट वाळवत बसलेली. म्हणाली, "अवो, ही भरती. दुपारी उतारतला."

"परत न्हाय न्हवं येणार?"

"येतला तर! दिसातून दोनदा येता."

गच्चीवरनं सुनंदा वरडली, "दोनदा? मग सिलिंडर हितंच ऱ्हाऊ दे. रोज कोण चढवणार!"