सुनंदाक्कांचा लिफ्टचा प्रश्न

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मंडळाचे ज्येष्ठ सभासद माननीय दामोदरराव, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे श्री. पद्मनाभसाहेब, सत्कारमूर्ती आमच्या सुनंदाक्का, आणि हेब्बाळचा तुंबलेला पूल ओलांडून वेळेवर पोचलेल्या बंधुभगिनींनो,

मी दिव्यश्री. कंपनीत अक्कांच्या हाताखाली मी काम शिकले. अक्का आता बेंगळुरू सोडून पुण्याला लेकीकडे चालल्यात. निरोपाचं भाषण गोड असावं, असं दामोदररावांनी मला बजावलंय. सरी, म्हणजे बरं, म्हटलं. प्रयत्न करते.

तुमच्यापैकी पुष्कळांना वाटतंय, अक्का निवृत्त झाल्या. छे हो! कंपनीत 'पुनर्रचना' झाली. म्हणजे काय, ठाऊक आहे? ज्या खुर्चीवर माणूस सोळा वर्षं बसलाय, त्याच खुर्चीसाठी त्यानं पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा मुलाखत द्यायची. नांदत्या सुनेला पुन्हा कांदेपोह्यांची बशी घेऊन बाहेर यायला सांगावं, तसं!

मुलाखत घ्यायला आम्ही तिघं होतो. मी, नुकताच रुजू झालेला एक तरुण, आणि पद्मनाभसाहेब. होय, हेच साहेब. आपल्या मंडळाची रीतच आहे ना, सत्कार करायचा तो सत्कारमूर्तीच्याच कंपनीतल्या सगळ्यात मोठ्या साहेबांच्या हस्ते! कुणी चौकशी केली नाही, पत्रिका छापून मोकळे झाले.

त्या तरुणानं प्रश्नसंचातून एक प्रश्न काढला. दहा मजली इमारत, तीन लिफ्ट, सकाळची गर्दी. लिफ्ट कशा चालवाल? अहो, त्या संचात हा प्रश्न अक्कांनीच घातलेला. माझ्या मुलाखतीत त्यांनी मला तोच विचारला होता. मी धडाधड गणित मांडायला लागले, तर म्हणाल्या, "स्वल्प थांब गं. इमारतीत कोण असतं, ते तरी विचार." ते इस्पितळ आहे, कार्यालय आहे, की वृद्धाश्रम? उमेदवार हे विचारतो का, एवढंच तर त्या प्रश्नात बघायचं असतं.

तर अक्कांनी शांतपणे विचारलं, "इमारतीत कोण असतं?" तरुणानं संगणकावरचं नमुना उत्तर पाहिलं. त्यात तसलं काही नव्हतं. अक्का म्हणाल्या, "अहो, हा प्रश्न माझाच आहे." त्यावर पद्मनाभसाहेब हसले. म्हणाले, "मग तर उत्तर यायलाच हवं होतं!"

मला शिसारी आली. मी 'घ्या' म्हटलं, दोघांनी 'नको'. शेरा काय मारला? 'उमेदवार उत्तर देत नाही, प्रश्नच विचारते. विचारांत स्पष्टता नाही.' कॅन्टीनमध्ये चहा थंड व्हायच्या आत सगळ्यांना कळलं, सुनंदा नापास. अक्कांना नोकरी गेल्याचं एवढं लागलं नाही. लागलं ते हे, की ज्या पोरांना त्यांनी विचार करायला शिकवलं, तीच आता त्यांच्याकडे कीव आल्यासारखी बघायला लागली. थू असल्या हुशारीवर!

दामोदरराव, खुणा करू नका, संपवतेच.

समईशेजारी हा पांढरा फळा कशाला, म्हणून मघापासून तुमची कुजबुज चाललीय. तो अक्कांनी मागवलाय. आत चहा घेताना त्या मला म्हणाल्या, "साहेबांच्या हातून शाल घेईन मी. पण आधी त्यांना तो प्रश्न घाल. उत्तर नाही आलं तरी चालेल. त्यांनी मला उलट एक प्रश्न विचारला ना, तरी पुरे."

आपण सर्वांनी हे कडू भाषण ऐकून घेतलंत, मनापासून आभार. माझी जीभ कुठे सैल सुटली असेल तर वडीलधाऱ्यांनी पोटात घालावं.

शाल तबकात तयार आहे. साहेब, हे घ्या पेन. दहा मजले, तीन लिफ्ट, सकाळची गर्दी. अक्का समोरच बसल्यात. विचारा.