बुजवलेलं भुयार

इजिप्तमधल्या कुर्ण्याच्या डोंगरातलं प्राचीन सरदाराचं रंगीत थडगं बघायला मी रांगेत उभा होतो. पुढे एक म्हातारी रखवालदाराशी बोलत होती.

"तिकीट, मावशी."

"इथंच आमचं घर होतं, शाझली. तुझी नाळ मी कापली त्या घरात."

"घरं पाडली सरकारनं. आता सगळ्यांना तिकीट."

"हे घे पैसे. मागच्या भुयारापाशी जाऊ दे."

"ते सिमेंटनं बुजवलंय. चित्रं बघा नि या."

"चित्रं काय करायचीत मला? माझा रिफाई आहे तिथं."

"हळू बोला, लोक ऐकतायत."

"वीस वर्षं हळूच बोलले. घराखालून थडग्यातल्या वस्तूंसाठी चोरून खणताना माती ढासळली, तरी मदतीला हाक मारली नाही. त्याचा बाप तुरुंगात गेला असता. आता बापही गेला. पोराच्या नावानं फातिहा तरी म्हणू दे."

"जा. दोरी वर करतो."

"तू खाली त्याच्याबरोबर होतास. तूच तेवढा निसटलास."

"हो."

"त्याला त्रास झाला का रे?"

"नाही, मावशी. लगेच गेला."

"मला तर दोन दिवस जमिनीखालून ठोकल्याचा आवाज येत होता."

शाझलीनं दोरी वर धरली.

"मलाही येत होता, मावशी."