पूजेतली बोट

कुपवाडच्या गॅरेजबाहेर माझ्या शेजारी बाकावर दोघं बसले होते.

"कृष्णात, गावच्या बोटीचा ट्रेलर आता आणलास व्हय? पूर वसरून गेला की."

"आवं तात्या, चाकंच जाम झालती. पाणी चढलं तवा आख्खी आळी ढकलत हुती, पण जागचा हालला न्हाई."

"बेअरिंगला ग्रीस मारत न्हवतासा?"

"खंडेनवमीला धुऊन, हळदकुंकू लावून पूजा करायचो की. चाक फिरवून बघायचं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई."

"पूर आला तवा मी आष्ट्याला लेकीकडं हुतो. बरं, आता ग्रीस भरून घे, अन् औंदाची पूजा झोकात करा."

"करू. पण ओवाळायला कोण?"

"दरसाल अंबूबाई ओवाळती की रं."

"तिलाच आणायला बोट काढत हुतो, तात्या."