पुड्यावरचा फोटो

माझं माहेर अमळनेरकडचं, शाळा चौथीपर्यंत, आणि लग्नानंतर नवरा सुरतेत लूमवर, कापडाच्या मागावर, लागला म्हणून मीही आले, पर्वत पाटियाजवळ एका खोलीत, तेव्हापासून सुरतेतच आहे. तुम्ही विचारता मसाल्याचं नाव कसं झालं. नाव माझं नव्हतंच, आधी तेवढं लिहून घ्या.

नाव आक्काचं. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. पंचविशीत विधवा झाली, मूलबाळ नाही, सासरचे ठेवेनात, म्हणून माझ्या नवऱ्याने तिला आमच्याकडे आणलं. मला आवडलं नव्हतं, खोटं कशाला बोलू, खोली एक आणि माणसं वाढलेली. पण तिच्या हाताला चव होती. काळा मसाला करायची, मिरची, धणे, खोबरं, दगडफूल, एकेक वेगळं भाजायची, आणि डबा डोक्यावर घेऊन लूमवाल्यांच्या खोल्यांवर जायची, मी मागे पिशवी धरून. आधी विचारायची, कोणत्या गावचे तुम्ही. गाव ऐकलं की तिला कळायचं, यांना तिखट किती लागतं, खोबरं किती. मग तळहातावर चिमूट ठेवायची, म्हणायची चाखी दख, चाखून बघ, आवडलं तर घे. कधी स्वतःच सांगायची, औंदा मिरची बरी निघाली नाही, आठ दिवस थांबा. मी म्हणायची, आक्का, अशाने कोण घेईल. ती म्हणायची, ज्यांना सांगितलं तेच घेतील. आणि बायका घ्यायच्याही, आपल्या बहिणीला, जावेला घेऊन यायच्या. पाटी नाही, काही नाही, वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी, पण खोल्यांच्या सगळ्या लाइनीत म्हणायचे आक्काचा मसाला.

नव्वदनंतर माझा मुलगा रमेश साडीच्या मार्केटात कामाला लागला. तिथे साडीच्या खोक्यावर बाईचा फोटो असतो, ते बघून त्याच्या डोक्यात आलं. म्हणाला, मा, आपणही छापील पुडा करू, कतारगाम, कामरेजच्या दुकानांत ठेवू. छापणारा गुजराती, तो घरी आला, म्हणाला, माजी, नाम साथे चेहरो जोईए, नावासोबत चेहरा हवा. रमेश म्हणाला, नाव आक्का मसाला, आणि फोटो आत्याचाच.

मी म्हणाले, नको. लोक लग्नकार्याचा मसाला नेतात, पहिला पुडा देवापुढे ठेवतात, त्यावर पांढरं कपाळ कसं चालेल.

काय सांगू तुम्हाला, ती तिथेच बसली होती, मिरच्यांची देठं काढत. हात थांबले नाहीत तिचे. रमेश म्हणाला, मा, असं काय बोलतेस. तीच त्याला म्हणाली, तुनी माय बरोबर सांगस, तिचाच काढ. फोटोच्या दिवशी तिने मला लुगडं नेसवलं, निऱ्या सारख्या केल्या. मी कुंकू लावताना आरसा तिने धरला, लांब हात करून, स्वतः त्यात दिसणार नाही असा.

पुडे आले, लाल रंगाचे, नाव तिचं, तोंड माझं. दुकानांत चांगले खपले आधी. रमेश म्हणाला, आत्या, आता दारोदार जाऊ नको, बरं दिसत नाही. मसाला एकाच तऱ्हेचा करायचा, कामरेजलाही तोच, कतारगामलाही तोच. ती तसा करत राहिली. मग आमच्यातल्या एका लग्नात बायका माझ्याभोवती जमल्या, म्हणाल्या, तुम्हीच ना आक्का, पुड्यावरच्या. मी हसले. नाही म्हणाले नाही. ती मागे पत्रावळ्या घेऊन उभी होती, तिने ऐकलं, मला माहीत होतं ती ऐकते आहे.

महिनाभराने गावी गेली, म्हणाली घराची भिंत लिंपायची आहे. आलीच नाही. मी आणायला गेले. ओट्यावर बसली होती, चहा केला माझ्यासाठी, माझ्या मुलांची चौकशी केली. मी म्हटलं, चल आता, घर अडलंय. म्हणाली, वहिनी, तठे आते आक्का शे ना. तिथे आता आक्का आहे, एवढंच. रागावली असती तर मी भांडले असते, मला भांडता येतं. माफी मागायची तेव्हा तोंड उघडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. आम्ही पोचलो तोवर सगळं झालं होतं.

इकडे मसाला मी करत होते, सगळं तिच्याच मापाने. लाइनीतल्या म्हाताऱ्या पुडा घेऊन दारात यायच्या, फोडून नाकाशी धरायच्या, म्हणायच्या, हा तिचा नाही, ती कुठे आहे. मी म्हणायची, तोच आहे. त्या माझ्याकडे बघायच्या, पुड्याकडे बघायच्या, आणि जायच्या. वर्षभरात दुकानदारांनी माल परत पाठवला. रमेश पुन्हा साड्यांत गेला. तो म्हणतो जाहिरात कमी पडली. 

आता घरापुरता मसाला करते. रस्त्यात अजून कुणी ओळखतं, आक्का म्हणून हाक मारतं, तर मी थांबते आणि सांगते, मी नव्हे, ती माझी नणंद होती, ती वारली. त्यांना घाई असते. बरं बरं म्हणतात नि जातात, तरी मी सांगते. तुम्ही लिहिताय तर तिचं नाव लिहा, द्वारका. पुड्यावर ते कधी आलंच नाही. आणि चहा घ्या, निवतोय.