अत्तींचा इंग्रजीचा तास

माझं माहेर दुधनी. घरी कन्नड, शाळेत मराठी, इंग्रजी तर पाचवीत पहिल्यांदा कानावर पडलं. तेच पुढं सोलापुरात वीस-बावीस वर्षं शिकवलं आणि आता या वयात तेच शिकवायला व्हिएतनामला चाललेय, काय सांगू तुम्हाला, माझा मलाच विश्वास बसत नाही. पण खरा धक्का तो नाहीच.

आमचे मालक जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्यात. घरात मी आणि अत्ती, म्हणजे सासूबाई, दोघीच. नोकरी पक्की झाली तशा कुंभारी गावात दिलेल्या नणंदबाई म्हणाल्या, वहिनी, आईला इतक्यात बोलू नका, अंथरूण धरेल ती, निघायच्या आधी मीच येऊन घेऊन जाते. मी त्यांचं ऐकलं. ऐंशीची बाई, ती नको म्हणाली असती तर मी गेलेच नसते, हेही खरं.

रुजू होण्याआधी तिकडच्या शाळेला नमुन्याचा तास बघायचा होता, मोबाइलवर. अट एकच, इंग्रजीशिवाय शब्द काढायचा नाही, बाकी हातवारे. सवय करायला विद्यार्थी कुठून आणायचा? अत्तींनाच खाटेवर बसवलं. इंग्रजी न येणारं हक्काचं माणूस तेच की. मी दाराकडं चालत म्हणायची, गो. खाटेवर बसून म्हणायची, स्टे. आय म्हणताना छातीवर हात, यू म्हणताना समोर बोट. त्या तोंडाला पदर लावून हसायच्या, नाटकात काम मिळालं काय गं महानंदा, म्हणायच्या.

परवा बाजारातून आले तर स्वयंपाकघरात प्रवासात टिकणाऱ्या कडक भाकऱ्यांची ही चळत. हात लई थरथरतो त्यांचा, ताट धरवत नाही, आणि एवढ्या भाकऱ्या थापून, भाजून, वाळवून ठेवलेल्या. मी म्हटलं, अत्ती, कुणासाठी? तर माझ्याकडं बोट करून म्हणतात कशा, यू गो. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून, आय स्टे.

हातातली पिशवी तिथंच खाली ठेवली. कुणी सांगितलं, विचारलं. म्हणाल्या, सोलापुरात शिकवायला हातवारे कशाला लागत्यात गं? जिथं कन्नड न्हाय, मराठी न्हाय, तिथंच चाललीस की तू. आणि मला कुंभारीला धाडायचा तुम्हा दोघींचा बेत असंल तर सोडा, लेकीलाच हितं येऊन राहू दे.

नणंदबाईंना फोन करून अत्तींचा निरोप दिला. आता कुरकुरत इथं राहायला येतायत.

बॅगेला तेवीस किलोची मर्यादा, काट्यावर दीड किलो जास्त भरली. व्याकरणाची जाड पुस्तकं काढली, भाकऱ्या ठेवल्या. उद्या निघायचं. सकाळपासून अत्तींचं एकच, होगी बा, होगी बा, म्हणजे कन्नडात जाऊन ये. गो शिकवलं, स्टे शिकवलं, कम तेवढं शिकवायचं राहिलं बघा.