पाचपैकी एक

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर पाचोडच्या गयाबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. शेजारी शहरातल्या छावणी भागातल्या ताहेरा. दोघींचेही नवरे स्वादुपिंडाला सूज आल्यामुळे आत दाखल होते. समोर आईच्या रिपोर्टसाठी थांबलेल्या स्वरदाने हातातला मोबाइल हळूच खाली ठेवला.

“मावशी, रडता कायकू? डॉक्टर काय बोलले?” ताहेरांनी विचारलं.

“पाचपैकी एकच मार्क पडला म्हणले. सासूबाई सांगायच्या, शाळंत बी यांचं हेच. पास व्हायचं नाव नाय.”

“या अल्ला! मावशी, इथं मार्क जितके कमी तितकं चांगलं. जानला किती खतरा आहे, ते मोजतात त्यात.”

“म्हंजी नापास झालेला बरा?”

“एकदम बरा! आमच्या यांना तीन पडले होते. डॉक्टर बोलले, धोका लई आहे, दुआ करा.”

“मग?”

“मग काय! आता आत बसून नर्सशी भांडतात, खिचडीत मीठ नाही म्हणून.”

“अगं बाई! अन् मी दिराला फोन करून बसले, समदं संपलं म्हणून. जीप भरून निघालेत सगळे, रडत.”

“मग लावा ना परत फोन!”

गयाबाईंनी डोळे पुसले आणि फोन लावला.

“भाऊजी, हे नापास झालेत हो!... अवो, रडू नका, चांगलं असतंय ते... व्हय, खरंच. भाभी सांगतात ना... कुठवर आलात? मग येताना पेढे घ्या किलोभर. पण यांना दाखवू नका, पथ्य हाये त्यांना.”