नॉर्मनने बसवलेला दांडा

...नाही, चहा राहू दे, आधी माझं ऐका. काल पोस्टातली बाई मला म्हणते, ‘ब्रेंडा, नशीब काढलंस गं, नवरा हाताचा हुशार मिळाला.’ हाताचा हुशार! नॉर्मन! लग्नात केक कापताना ज्याने केकसकट टेबलावरची चादर कापली, तो नॉर्मन. आणि मी काय केलं? हसले, पाकीट घेतलं आणि घरी आले. का गप्प बसले, ते तुम्हाला सांगते.

सासूबाईंचे गुडघे गेले, तिथून हे सुरू झालं. विनिफ्रेड त्यांचं नाव, आणि बाकी सगळं गेलं तरी जीभ शाबूत. आता आमचं घर बर्नली गावातल्या कुठल्याही चाळवजा घरासारखं, जिना म्हणजे शिडीच, त्या वर चढणार कशा? तेव्हा ठरलं की खालची पुढची खोली त्यांना द्यायची आणि तिच्याच कोपऱ्यात एक छोटी न्हाणी काढायची, शॉवरची. बांधकामाचा एक रीतसर माणूस बोलावला, त्याने भिंती ठोकून बघितल्या, आमची बिस्किटं खाल्ली आणि कागदावर खर्चाचा आकडा लिहून दिला. नॉर्मनने तो कागद असा बघितला, जसं शेजारच्या पोराने काढलेलं घोड्याचं चित्र बघतात, आणि माणूस दाराबाहेर पडल्यावर मला म्हणाला, ‘बाहेरचा माणूस कशाला? आपण दोघं आहोत ना.’

आपण दोघं म्हणजे कसं, तर तो भिंतीला भोक पाडणार आणि मी धूळ झेलायला भोकाखाली बशी धरून उभी राहणार.

त्याने आयुष्यभर बस चालवली हो. चांगली चालवली, मी नाही म्हणत नाही, पण बस काही भिंतीला स्क्रूने लावायची नसते. याचं सगळं शिक्षण फोनवर. फोनमध्ये एक दाढीवाला तरुण चहा निवायच्या आत अख्खी न्हाणी बांधतो आणि वर शीळ घालतो. नॉर्मनने त्याच्याकडून शीळ तेवढी उचलली. खोलीत जिप्सम बोर्डची आडभिंत घातली, तिला टाइल लावल्या, आणि त्या टाइल बघून मला बोटीत बसल्यासारखं व्हायला लागलं. मग जमिनीला उतार दिला. उतार द्यायचा असतो पाणी जायच्या जाळीकडे, बरोबर? याने दिला पलंगाकडे. पहिल्यांदा पाणी सोडलं तर ते शिस्तीत जाळीकडे पाठ फिरवून निघालं आणि माझ्या गालिच्यात जाऊन बसलं. मी म्हटलं, नॉर्मन, आता तरी त्या माणसाला बोलव. त्या पाण्यात उभा राहून काय म्हणाला असेल? ‘बाहेरचा माणूस कशाला?’

मी पण काही देवमाणूस नाही, सांगून टाकते. मला मजा यायला लागली होती. तो शिडीवर चढला की मी खुर्ची ओढून बसायची. त्याने अंगठ्यावर हातोडा मारला की मी रेडिओ बारीक करायची, नीट ऐकू यावं म्हणून. वॉलपेपर लावायला घेतला तेव्हा मला पहिल्या पट्टीलाच दिसलं होतं की गुलाब उलटे चाललेत, देठ वर, फुलं खाली. बोलले नाही. चारी भिंती होऊ दिल्या.

सासूबाई राहायला आल्या आणि दारातच थांबल्या. म्हणाल्या, ‘ही फुलं खाली मुंडी घालून का लटकलीत? घरात कोणी गेलंय का?’ नॉर्मन म्हणाला, आई, हल्ली अशीच फॅशन आहे. त्या म्हणाल्या, ‘तुझ्या बापालाही खिळा सरळ ठोकता यायचा नाही, पण तो निदान ठोकायला जायचा नाही.’

आणि मग तो दांडा. न्हाणीत भिंतीला धरायचा आधाराचा दांडा असतो ना, चकचकीत, म्हाताऱ्या माणसांसाठी, तो याने लावला होता. जाहिरातीतल्यासारखा लावला होता. फक्त लावला होता नुसत्या बोर्डला, आणि बोर्डच्या मागे काय होतं? हवा. सासूबाईंनी पहिल्याच आंघोळीला दांडा धरला, भार टाकला, आणि दांडा, चार टाइल आणि सासूबाई असे सगळे एकदम खाली आले. आम्ही धावलो तर त्या ओल्या जमिनीवर बसलेल्या, अंगावर काही नाही, एका हातात दांडा, राणीने राजदंड धरावा तसा, आणि दुसऱ्या हाताचं मनगट भलत्याच दिशेला वळलेलं. नॉर्मन उचलायला वाकला तर त्याचा खांदा निखळला. म्हणजे रुग्णवाहिकेत दोघं, आणि मी मागे बसून दोघांचे चष्मे सांभाळतेय.

इथपर्यंत मी हसत होते, हं. मनातल्या मनात, पण हसत होते.

इस्पितळात सासूबाईंच्या हाताला प्लास्टर घालत होते आणि नॉर्मन दुखरा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून पलंगाशी उभा. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. छताकडे बघत, आवाज न चढवता म्हणाल्या, ‘तुझ्या जागी ॲलन राहिला असता, तर आज माझा हात शाबूत असता.’

ॲलन म्हणजे याचा मोठा भाऊ. मोटरसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा नॉर्मन शाळेत होता. त्याचं नाव त्या घरात कोणी घेत नाही, आणि घेतलं ते हे असं. प्लास्टर घालणारी नर्ससुद्धा थांबली. नॉर्मन म्हणाला, ‘खरंय, आई.’ एवढंच. मग त्यांची उशी सारखी केली, एका हाताने.

सासूबाई ब्लॅकपूलला बहिणीकडे गेल्या, आयव्ही मावशीकडे, आणि जाताना तो दांडा सोबत नेला, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. मावशीने तिसऱ्याच दिवशी फोन करून सांगितलं, प्लास्टर निघालं की हिला घेऊन जा, नाहीतर मीच जीव देते. इकडे नॉर्मन त्या उलट्या गुलाबांत खुर्ची टाकून बसलेला. जेवत नाही, शीळ नाही, फोन बघत नाही. मला वाटलं, अरे, हा तर संपला. म्हटलं, आता मी त्या माणसाला बोलावते, खर्च गेला खड्ड्यात. तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं त्याने. भिंतीकडेच बघत म्हणाला, ‘बाहेरचा माणूस कशाला?’

अस्सा राग आला मला. त्याच रागात हातोडा उचलला. आधी त्याचा उतार फोडला, कारण तो फोडताना फार बरं वाटत होतं. मग जाळीकडे नवा दिला, सिमेंटचा मसाला कालवून घातला, सुकल्यावर पाणी सोडलं, आणि पाणी गेलं हो जाळीत. सरळ. मी नुसती बघत राहिले. मग आडभिंतीचा बोर्ड मागून कापला, आत जाड लाकडी फळी दोन्ही बाजूंनी घट्ट बसवली, नवा दांडा आणला, त्याचे स्क्रू थेट त्या फळीत पिळले. टाइल लावल्या. उलटे गुलाब खरवडून काढले आणि नवे सरळ लावले. नॉर्मनला डॉक्टरांनी काही उचलायला बंदी केली होती, म्हणून तो खुर्चीतून हळूहळू बोलायला लागला, ‘थोडं डावीकडे.’ मी उजवीकडे घ्यायची. बरोबर बसायचं. मला जमत होतं, तुम्हाला सांगते. या वयात कळलं की मला जमतं.

सासूबाई परत आल्या. कोट न काढता सरळ न्हाणीत. जमीन बघितली, टाइलवरून नख फिरवलं. मग दोन्ही हातांनी दांडा धरला आणि सगळं अंग टाकून लोंबकळल्या, सूड घ्यावा तशा. दांडा हलला नाही. पुन्हा लोंबकळल्या. मी दारात उभी, छाती फुगलेली, विचारायचीच वाट बघतेय. त्यांनी विचारलं, ‘हे कोणी केलं?’

आणि खुर्चीतून आवाज आला, ‘मी, आई.’

मी वळले. तो माझ्याकडे बघत नव्हता, त्यांच्याकडे बघत होता. सासूबाई त्याच्याजवळ गेल्या, त्याच्या गालावर हात ठेवला. मी इतक्या वर्षांत त्यांना त्याला हात लावताना बघितलं नव्हतं. म्हणाल्या, ‘ॲलनलाही जमलं नसतं इतकं चांगलं.’

आता सांगा, तोंड उघडायला जागा होती का? माझ्या बोटांत अजून टाइलचा मसाला होता. ‘आणि तू काय करत होतीस?’ त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, बशी धरत होते. ‘तेवढं तरी,’ म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीभर झालं, विनिफ्रेडच्या नॉर्मनचे हात म्हणजे सोनं. स्वयंपाकघरात गाठून मी त्याला विचारलं, लाज नाही वाटली? तो म्हणाला, ‘वाटली ना.’ आणि लोण्याचा डबा पुढे सरकवला. काय भांडणार अशा माणसाशी?

आज सकाळी आयव्ही मावशीचा फोन होता. तिचं अख्खं स्वयंपाकघर नवं करायचंय आणि ते नॉर्मनच्याच हातून. मी म्हटलं, मावशी, एखादा बाहेरचा माणूस बघा ना. तर ती दुखावली.

सोमवारी निघतोय आम्ही. ड्रिल, पाना, टाइल कापायचं यंत्र, सगळं मी गाडीत भरलंय. नॉर्मन सँडविच घेणार आहे.